मेरी क्लबवाला जाधव : धन, दुःख आणि सेवा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



या व्याख्यानमालेत ‘दानशूर स्त्रिया’ या विषयावर मी बोलावे, अशी आज्ञा आपल्या कार्यवाहांनी मला केली. त्यांच्या मनात प्रामुख्याने अमेरिकेतील धनाढ्य स्त्रियांची उदाहरणे होती आणि ते स्वाभाविकही होते. कारण आपल्या महाराष्ट्राच्या स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात अमेरिकन स्त्रियांच्या दानाचा वाटा मोठा आहे. परंतु विचार करता करता माझे मन या चेन्नई नगरीतच येऊन थांबले. जिच्या नावाच्या शेवटी एक अस्सल मराठी आडनाव आहे, अशी एक थोर स्त्री याच शहरात होऊन गेली. तिचे नाव मेरी क्लबवाला जाधव. आपल्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकले आहे, असे मी आता विचारीत नाही. मला स्वतःला ते फार उशिरा कळले, ही कबुली आधीच देऊन ठेवतो.

तथापि प्रथम अमेरिकेविषयी दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. कारण पुढील विवेचनाला त्याचा उपयोग होईल.

पंडिता रमाबाई अमेरिकेत गेल्या आणि बालविधवांच्या शिक्षणासाठी त्यांनी तेथील समाजाला आवाहन केले. त्यातून १८८७ साली बोस्टन येथे ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. ज्युडिथ अँड्र्यूज यांच्यासारख्या बोस्टनच्या प्रतिष्ठित स्त्रियांनी तिची धुरा वाहिली. या संस्थेची आर्थिक रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. ठिकठिकाणी ‘रमाबाई मंडळे’ निघाली आणि त्यांच्या सभासदांनी दरसाल एक डॉलर याप्रमाणे दहा वर्षे देण्याचे वचन दिले. या पैशातून १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले. पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई त्याच सदनाच्या विद्यार्थिनी. म्हणजे बोस्टनच्या एखाद्या गृहिणीने बाजूला काढलेला डॉलर हिंगण्याच्या कार्यापर्यंत या ना त्या मार्गाने पोहोचला, असे म्हणण्यास हरकत नाही.

अशीच दुसरी कथा या शहराची आहे. नुंगंबाक्कममधील विमेन्स ख्रिश्चन कॉलेज १९१५ साली सुरू झाले. वेल्लोर येथे डॉक्टर आयडा स्कडर यांनी १९१८ साली स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा काढली. या दोन संस्थांसह आशियातील स्त्रियांच्या सात महाविद्यालयांसाठी अमेरिकेत १९२० नंतर मोठी निधिमोहीम झाली. ल्यूसी पीबॉडी या कर्तबगार बाई तिच्या अग्रभागी होत्या. लॉरा स्पेलमन रॉकफेलर या धनाढ्य घराण्यातील स्त्रीच्या स्मरणार्थ तिच्या पतीने स्थापन केलेल्या निधीने दहा लाख डॉलर देऊ केले. पण एक अट घातली. सामान्य स्त्रियांनी दोन डॉलर जमवावेत, तेव्हा निधीतून एक डॉलर मिळेल. अमेरिकेतील गावोगावच्या स्त्रियांनी ती अट पुरी केली. आज महाराष्ट्रातून किती तरी कुटुंबे रुग्णाला घेऊन वेल्लोरला जातात. त्या रुग्णालयाच्या उभारणीत या अनाम स्त्रियांचे हात लागलेले आहेत.

या दोन्ही उदाहरणांत मला एकच गोष्ट दिसते. मोठ्या धनाला लहान हातांची जोड मिळाली, तेव्हाच ते फळाला आले. ही दृष्टी मनात ठेवून आपण आता मेरीबाईंकडे वळू. त्यांना मी मराठी रीतीने मेरीबाई म्हणतो, याबद्दल क्षमा असावी. जाधवांच्या घरच्या सुनेला परकेपणाने संबोधणे जिवावर येते.

मेरीबाईंचा जन्म १९०९ साली उटकमंड येथे एका पारशी कुटुंबात झाला. माहेरचे आडनाव पटेल. मद्रासमधील पारशी समाज म्हणजे अवघी काही शे माणसे. अठराव्या शतकाच्या अखेरीस व्यापारानिमित्त ही मंडळी या किनाऱ्याला आली आणि रायपुरम् भागात स्थिरावली. तेथेच १९१० साली क्लबवाला घराण्यातील फिरोज क्लबवाला यांनी आपल्या दिवंगत पुत्राच्या नावाने अग्यारी बांधली. आजही ती ‘जाल फिरोज क्लबवाला दर-ए-मेहेर’ या नावाने उभी आहे. याच क्लबवाला घराण्यात मेरीबाईंचा वयाच्या अठराव्या वर्षी विवाह झाला. पतीचे नाव नोगी क्लबवाला. घरी संपत्ती होती, समाजात प्रतिष्ठा होती. १९३० साली पुत्रप्राप्ती झाली. आणि १९३५ साली आजारपणात पतीचे निधन झाले. त्या वेळी मेरीबाईंचे वय सव्वीस वर्षांच्या आसपास होते आणि पदरी पाच वर्षांचा मुलगा होता.

बंधुभगिनींनो, येथे क्षणभर थांबावेसे वाटते. संपन्न घरातील तरुण विधवेला त्या काळी दोन मार्ग मोकळे होते. घराच्या चार भिंतींत शोक करीत राहणे, किंवा वर्षातून एकदा धर्मादाय संस्थेला देणगी पाठवून मन शांत करणे. दोन्ही मार्ग लोकमान्य होते आणि दोन्हींबद्दल कोणी बोल लावला नसता. मेरीबाईंनी तिसरा मार्ग पत्करला. दुसऱ्यांच्या दुःखाच्या दारात त्या स्वतः जाऊन उभ्या राहिल्या.

हे दार त्यांना ‘गिल्ड ऑफ सर्व्हिस’ या संस्थेच्या रूपाने सापडले. मद्रासच्या बिशपांच्या पत्नी श्रीमती वॉलर यांनी १९२३ साली ही संस्था काढली होती. आरंभी तिचे स्वरूप सरकारी आणि व्यापारी गोऱ्या साहेबांच्या कुटुंबांतील स्त्रियांनी फावल्या वेळात चालविलेल्या सेवामंडळासारखे होते. मेरीबाईंनी तिच्यात स्वतःला झोकून दिले, आणि पुढे अनेक वर्षे त्या तिच्या कारभाराचा मुख्य आधार होत्या. मूठभर स्त्रियांचे हे मंडळ अनाथालये, शुश्रूषा आणि बालसंगोपन यांचा व्याप सांभाळणारी मोठी संस्था बनले, यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

त्यांच्या कर्तृत्वाची खरी कसोटी महायुद्धात लागली. १९४२ सालचे मद्रास आजच्या पिढीला कल्पनेनेच पाहावे लागेल. ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती जात होता. तेथून निर्वासितांचे लोंढे येत होते. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात कोलंबो आणि त्रिंकोमाली येथे बाँबहल्ले झाले, आणि आता मद्रासची पाळी, अशी हूल उठली. सरकारी कचेऱ्या आतल्या भागात हलविण्यात आल्या; ज्यांना शक्य होते त्यांनी शहर सोडले. अशा वेळी पूर्वेच्या आघाडीकडे जाणारे आणि तेथून जखमी होऊन परतणारे सैनिक या शहरात येत होते. पंजाबचा जाट, गढवालचा पहाडी, साताऱ्याचा मराठा. कोणालाच येथील भाषा ठाऊक नव्हती. गोऱ्या सैनिकांची सरबराई करणाऱ्या संस्था होत्या. परंतु हिंदी शिपायाची विचारपूस कोण करणार?

या प्रश्नाला उत्तर म्हणून मेरीबाईंनी १९४२ साली ‘इंडियन हॉस्पिटॅलिटी कमिटी’ स्थापन केली. सर्व धर्मांच्या आणि सर्व जातींच्या स्त्रियांना त्यांनी घराबाहेर काढून या कामाला लावले. फिरती उपाहारगृहे निघाली. इस्पितळांतून भेटी सुरू झाल्या. जखमी जवानांचे मन रमावे म्हणून हस्तव्यवसाय आणि करमणुकीचे कार्यक्रम योजले गेले. त्या काळच्या सोवळ्याओवळ्याच्या मद्रासमध्ये प्रतिष्ठित घरच्या स्त्रिया अनोळखी शिपायांना चहा देण्यास पुढे झाल्या, ही लहान गोष्ट समजू नये.

ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढलेल्या चौदाव्या सेनेने कृतज्ञतेची खूण म्हणून मेरीबाईंना एक जपानी तलवार भेट दिली. सेनापतींना आणि शूरांना द्यावयाची वस्तू चहाचा पेला देणाऱ्या हाती आली. पुढे स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय सरसेनापती झालेले जनरल करिअप्पा यांनी त्यांचा गौरव ‘डार्लिंग ऑफ द आर्मी’, म्हणजे सेनेची लाडकी, असा केला. युद्ध संपले म्हणून मेरीबाईंनी आपली गाडी मागे वळविली नाही. निवृत्त सैनिक आणि त्यांची कुटुंबे यांच्या अडचणींकडे त्या पुढेही लक्ष देत राहिल्या.

घरापासून शेकडो कोस दूर असलेल्या माणसाला ‘तुझे गाव कोणते?’ एवढे विचारणारे कोणी भेटले, तर त्याला काय वाटते, हे या सभागृहातील माणसांना मी सांगावे असे नाही. मी या शहरात नवा असताना एका रात्री घरात आजारपण उद्भवले. मला तमिळचे चार शब्दही येत नव्हते. शेजारच्या घरातील वृद्ध तमिळ गृहिणी, जिला आम्ही पुढे सारे ‘मामी’ म्हणू लागलो, ती काही न विचारता आमच्याबरोबर रुग्णालयात आली, डॉक्टरांशी बोलली आणि पहाटेपर्यंत बाकावर बसून राहिली. तिचे ऋण मी फेडू शकलो नाही. मेरीबाईंच्या हॉस्पिटॅलिटी कमिटीविषयी वाचताना मला त्या बाकाची आठवण झाली.

आता त्यांच्या जीवनकार्याच्या दुसऱ्या, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाच्या, पर्वाकडे येतो. स्वातंत्र्यानंतर मेरीबाईंच्या ध्यानात आले की, केवळ कळवळा पुरत नाही. अनाथ मूल, मतिमंद बालक, व्यसनी पित्याचे कुटुंब यांच्यापाशी जाण्यासाठी शिक्षण लागते. ज्याप्रमाणे दयाळू माणूस शस्त्रक्रिया करू शकत नाही, त्याप्रमाणे केवळ दयाळू माणूस समाजसेवाही नीट करू शकत नाही. प्रसंगी तो नकळत अपकारही करतो. या जाणिवेतून १९५२ साली ‘मद्रास स्कूल ऑफ सोशल वर्क’ ही संस्था त्यांच्या पुढाकाराने निघाली. समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण देणारी ही दक्षिण भारतातील पहिली संस्था होय. एग्मोरमधील कासा मेजर रस्त्यावर ती आजही आहे.

या संस्थेची वडील बहीण मुंबईची. १९३६ साली तेथे ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झाले. आज आपण तिला टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखतो. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे. मुंबईच्या नागपाड्यात, कामगारवस्तीत, त्यांनी आधी काम केले आणि त्या अनुभवातून शिक्षणसंस्थेची कल्पना पुढे आली. म्हणजे पाहा, अमेरिकेचा अनुभव, पारशी दातृत्व आणि मुंबईची कामगारवस्ती यांच्या संगमातून एक विद्या जन्मली आणि ती मद्रासला एका पारशी स्त्रीच्या हाताने रुजली.

याच सुमारास, १९५३ साली, मतिमंद मुलांसाठी ‘बालविहार’ ही संस्था किल्पॉक येथे सुरू झाली. अशा मुलाला घराच्या मागल्या खोलीत दडवून ठेवण्याचा तो काळ होता. पाहुणे आले की दार लोटून घ्यावयाचे, ही रीत. त्या दाराला बाहेरून हात घालून ते उघडण्याचे काम बालविहारने केले. ‘सेवा समाजम्’च्या नावाने मुलामुलींची वसतिगृहे चालली. मेरीबाईंच्या प्रेरणेने निघालेल्या किंवा त्यांनी हातभार लावलेल्या संस्थांची यादी फार मोठी आहे. मी ती येथे वाचून दाखवीत नाही. यादीने माणूस कळत नाही.

आपल्या दृष्टीने जिव्हाळ्याची गोष्ट अशी की, मेरीबाईंनी पुढे मेजर चंद्रकांत जाधव या सैन्याधिकाऱ्याशी विवाह केला. समाजकार्याची दोघांना सारखीच ओढ होती. विधवेच्या पुनर्विवाहासाठी ज्या महाराष्ट्राने विष्णुशास्त्री पंडितांपासून कर्व्यांपर्यंत एवढे झगडे पाहिले, त्या महाराष्ट्रातील एक आडनाव एका पारशी विधवेने आदराने स्वीकारले. आणि पहिल्या पतीचे नावही टाकून दिले नाही. ‘क्लबवाला जाधव’ या दोन शब्दांत दोन समाज, दोन आयुष्ये आणि दोन निष्ठा शेजारी शेजारी नांदल्या. मराठी माणसाने या शहराला काय दिले, याचा हिशोब मांडताना आपण तंजावरच्या सरफोजीराजांचे नाव घेतो, सर टी. माधवराव यांचे घेतो. त्या पंक्तीत मेरीबाईंना बसविण्याचा आपला हक्क कितपत आहे, हे मी सांगू शकत नाही. परंतु त्यांना विसरण्याचा हक्क आपल्याला खास नाही.

मानसन्मान त्यांच्याकडे चालत आले. १९५५ साली पद्मश्री, १९६८ साली पद्मभूषण आणि १९७५ साली पद्मविभूषण. १९५६ साली त्या मद्रासच्या ‘शेरीफ’ झाल्या. मुंबईत ज्याला आपण नगरपाल म्हणतो, तेच हे पद. मद्रासला या पदावर स्त्री बसण्याचा तो पहिलाच प्रसंग. आज येथे ते पदही उरलेले नाही. १९७५ सालीच मेरीबाईंचे निधन झाले.

गुणगौरवाच्या भरात टीकाकारांचे म्हणणे दृष्टीआड करणे योग्य नव्हे. अशा कार्यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, हे सारे श्रीमंतांचे समाजकार्य. गरिबी का आहे, हा प्रश्न ते विचारीत नाही. गरिबाच्या हातात दुधाचा पेला ठेवते आणि समाधान मानते. दुसरा असा की, हे व्यक्तीच्या ओळखीवर चालते. मंत्र्याला, गव्हर्नराला, उद्योगपतीला जी बाई हक्काने जाऊन भेटू शकते, तिच्या मागे संस्था उभी राहते; ती गेली की संस्था कोलमडते.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु ज्या बाईने दयाबुद्धीची अपूर्णता ओळखून समाजकार्याची शाळा काढली, तिने त्या आक्षेपाला अंशतः तरी उत्तर दिले आहे, असे मला वाटते. त्या शाळेतून बाहेर पडणारा विद्यार्थी गरिबीचे कारण विचारावयास शिकतो. प्रसंगी तो देणगीदारालाही प्रश्न करतो. आपल्याला प्रश्न विचारणारी माणसे घडविण्यासाठी स्वतः झिजणे, हा धनिकाच्या ठायी दुर्मिळ असा गुण आहे. दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर काळाने दिले. त्यांच्या निधनानंतर अनेक दशके उलटली. गिल्ड ऑफ सर्व्हिस आहे, बालविहार आहे, समाजकार्याची शाळा आहे. संस्थापिकेचे नाव ठाऊक नसलेले लोक तिचे काम चालवीत आहेत. संस्थेच्या दृष्टीने याहून मोठे यश कोणते?

आता शेवटचा मुद्दा. तो जरा कडू वाटला तरी आपण माझ्यावर रोष धरू नये.

आपले मंडळ पन्नास वर्षांचे झाले. या पन्नास वर्षांत आपण गणेशोत्सव केले, नाटके बसविली, कोजागिरीला दूध आटविले, संक्रांतीला तिळगूळ वाटला. मुलांना चार मराठी अक्षरे शिकविली. हे सारे आवश्यक होते. ते नसते तर आपली मुले घरातच परकी झाली असती. परंतु या सर्व उपक्रमांचे दार आतल्या बाजूला उघडते. मद्रासच्या पारशी समाजाची संख्या आपल्याहून कितीतरी कमी. त्यांनीही आपली अग्यारी राखली, आपले नवरोज साजरे केले. आणि त्याच समाजातील एका स्त्रीने शहराच्या दुःखाला आपले मानून असे काम केले की, तमिळ, तेलुगू, मलयाळी मुले तिच्या छायेत वाढली. या नगरीने आपल्याला अन्न दिले, आपल्या मुलांना शिक्षण दिले. तिच्या खातेवहीत आपल्या नावावर जमेच्या बाजूला काय आहे?

सुवर्णमहोत्सवी निधीचा विनियोग कसा करावा, यावर सध्या विचार चालू आहे. सभागृहाचे नूतनीकरण व्हावे, असे पुष्कळांचे मत आहे आणि त्याला माझा विरोध नाही. गळके छप्पर कोणालाच आवडत नाही. माझी विनंती एवढीच की, त्यातील काही भाग दोन कामांसाठी निराळा काढावा. महाराष्ट्रातून उपचारासाठी चेन्नईला आणि वेल्लोरला अनेक कुटुंबे येतात. भाषा कळत नाही, उतरण्याची जागा ठाऊक नसते, रक्त लागले तर कोणाला विचारावे हे उमगत नाही. आपल्यातील ज्यांना तमिळ उत्तम येते त्यांची एक यादी करावी, पाळ्या लावाव्यात, आणि अशा कुटुंबाच्या शेजारी बाकावर बसण्यासाठी एक माणूस जावा. हे पहिले काम. दुसरे असे की, समाजकार्य शिकणाऱ्या एका गरजू विद्यार्थ्याला किंवा विद्यार्थिनीला दरसाल शिष्यवृत्ती द्यावी. आणि तिला मातृभाषेची अट घालू नये. ती तमिळ मुलीला मिळाली तर मला अधिक आनंद होईल.

यासाठी आपल्यात कोणी रॉकफेलर असण्याची गरज नाही. दरसाल एक डॉलर देणाऱ्या बोस्टनच्या गृहिणींनी शारदा सदन उभे केले. आपल्या घरोघरी महिन्याला एका सिनेमाच्या तिकिटाचे पैसे बाजूला निघाले, तरी दोन्ही कामे सुरू होतील. पैशापेक्षा माणसे मिळणे कठीण, हे मीही जाणतो. म्हणून पाळ्यांच्या यादीत पहिले नाव माझे घालावे, अशी विनंती मी कार्यवाहांना आताच करून ठेवतो. वय झाले असले तरी बाकावर बसण्याइतकी शक्ती अजून आहे.